आबांची फाटकं

मोडलेलं फाटक पाहून ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस सबंध पश्चिम खानदेशात एकच होता, आणि तो माझ्या बहिणीचा सासरा होता. इतर लोक सकाळी उठून देवाला हात जोडत. आबा उठले की धोतराचा सोगा सावरत तडक मागच्या वाडग्याकडे, म्हणजे शिंगरांच्या कुंपणाकडे, जात आणि शिंगरांनी फाटकाचा कोणता दांडा मोडला आहे ते पाहत. एखादा दांडा दोन तुकडे होऊन पडलेला असला की त्यांचा दिवस चांगला जाई. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त खात आणि भावकीतल्या वैऱ्यालाही रामराम घालत. सगळे दांडे जागच्या जागी असले, तर मात्र ते काळजीत पडत. प्रत्येक शिंगराच्या नाकपुडीला हात लावून ताप पाहत आणि माझ्या बहिणीला, आक्काला, हाक मारून विचारत, "काल काय खाऊ घालं व्हतं यास्ले? कोनीच काही मोडं नही."

त्यांचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्याहून दोन कोसांवर. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या बाजारातून आणलेल्या दोन काठेवाडी घोड्या आणि त्यांची पाच-सहा शिंगरं एवढा आबांचा संसार. जमीन होती, कपाशी होती, केळी होती. पण त्यांना ते संसारात धरत नसत. शेती त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे मेहुणे, बघत. ते इन्फ्लुएंझाच्या साथीत तीन दिवसांत गेले. माझ्या वडिलांनी मला सांगितलं, तू जा, बहिणीजवळ राहा, शेती बघ, म्हाताऱ्याला जप. मी तेव्हा पंचविशीत होतो. नंदुरबारला कापसाच्या एका जिनात कारकुनी करत होतो, ती सोडून गेलो. शेतीचं मी बरं केलं, असं लोक म्हणतात. म्हाताऱ्याला जपायचं जे काम होतं त्याविषयी मला लिहायचं आहे. पण आधी म्हातारा कसा होता ते सांगितलं पाहिजे.

आबा माणसांना 'अरे' म्हणत आणि शिंगरांना 'अहो'. मामलेदारालाही त्यांनी एकदा "काय रे, कवय उना?" म्हणजे कधी आलास, असं विचारलं होतं आणि त्याच दमात वाडग्याकडे वळून, "तुम्ही दांडा सोडा आते, पाव्हना उनात," असं एका वर्षाच्या शिंगराला विनवलं होतं. मामलेदार हसला, म्हणून निभावलं. त्यांच्या अंगात एक काळा कोट असे. त्याची एक बाही कोपरापासून गेलेली आणि बटणं सगळी नाहीशी. शिंगरं ती खात. आबा वाडग्यात उभे राहत आणि चारही बाजूंनी शिंगरं त्यांना चाखत. कुणी खिसा ओढी, कुणी पागोट्याचं टोक, कुणी बोटं तोंडात धरून नुसतं उभं राही. त्या वेळी त्यांना काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. त्यांचे हात मोठे, खरखरीत, शिरा आलेले होते, आणि शिंगराच्या मानेवरून ते फिरू लागले की शिंगराचा खालचा ओठ लोंबू लागे. आक्का म्हणे, "सासरा लोकेस्ना हात फक्त शिंगरूसवर मऊ शेतस."

फाटकं वाचणं ही त्यांची विद्या होती. वाचणं हा शब्द त्यांचाच. लाकडावरच्या दातांच्या खुणा पाहून ते शिंगराचं वय सांगत, डावीकडून रेटतं की उजवीकडून ते सांगत, आणि त्याचा स्वभावही सांगत. लग्नाला निघालेली बैलगाडी ते परक्या गावात परक्या फाटकापाशी थांबवत, खाली उतरून चष्मा लावत आणि खांबाशी उकिडवे बसत. मागच्या गाड्या खोळंबत. एकदा त्यांची तीन शिंगरं कुंपण फोडून शेजाऱ्याच्या कपाशीत शिरली आणि शेजाऱ्याने ती कोंडवाड्यात घातली. आबा सोडवायला गेले ते दुपारपर्यंत परत आले नाहीत. मी पाहायला गेलो, तर ते कोंडवाड्याच्या शिपायाला शेजारी बसवून सरकारी फाटकाचा वरचा दांडा समजावून सांगत होते. "हाई पाय, एका दिनमा इतलं. आनि इतलं सरळ. येना बापनी बी असं लाकूड खादं नसी." शिपाई माना डोलावत होता. शिंगरं केव्हाच सुटून घरी आली होती.

आक्काचं लग्न याच विद्येमुळे जमलं. आबा मंडळींसह आमच्या घरी मुलगी पाहायला आले, त्या दिवशी माझ्या वडिलांना फाटकाची फार लाज वाटत होती. आमच्या तट्टाच्या शिंगराने ते पार कुरतडून ठेवलेलं. नवं करायला वेळ नव्हता, म्हणून वडिलांनी त्यावर एक घोंगडी वाळत घातल्यासारखी टाकली. आबा गाडीतून उतरले, त्यांनी घोंगडी उचलली आणि तिथेच बसले. आत आक्का पानसुपारीचं तबक घेऊन उभी, बाहेर वडील घामाघूम. बऱ्याच वेळाने आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि वडिलांना म्हणाले, "दीड वरीसनं शे. डावा खांदानी रेटस. हट्टी शे, पन लबाड नही. पोरगी पसंत शे." आक्काला त्यांनी लग्नात प्रथम पाहिलं.

मी तिथे राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवायला घेतलं. मला ते कायम पाव्हना म्हणत. मी तिथे चार वर्षं राहिलो तरी पाव्हनाच. "पाव्हना, आयक. शिंगरू चार परीनं फाटक मोडस. दातनी, छातीनी, लातनी आनि गालनी." मग प्रत्येकाचा अर्थ. दातांनी खातं ते भुकेने नाही, ते विचार करत असतं. छातीने रेटतं तेव्हा त्याला पलीकडचं काही दिसलेलं असतं. लाथ मारतं ते दुसऱ्या शिंगरावरचा राग म्हणून. आणि गाल घासतं, कपाळ घासतं, डोळे मिटून दांड्यावर तोंड वरखाली करतं, तेव्हा ते सुखात असतं. उन्हातून आलेलं असतं, पोट भरलेलं असतं. मी हो हो म्हणत होतो. माझ्या डोक्यात त्या वेळी निंदणीच्या बायका होत्या. मी ऐकलं नाही.

मी शिस्तीचा माणूस. रोज काहीतरी मोडतं, रोज कुणाच्या तरी शेतात शिंगरं शिरतात, रोज शेजाऱ्याची बोलणी, आणि आठवड्यातून दोनदा सुतार दारात. हा सुतार म्हणजे आबांचा जिवलग आणि टवाळखोर. तो आला की हत्यारं खाली ठेवण्याआधी आबांना डिवचे. "आबा, तुमना शिंगरू जगेत तंवर मन्हा पोरे उपाशी मरत नही." आबा म्हणत, "तू काम कच्चं करस, म्हनीसन मोडस." सुतार म्हणे, "पक्कं कराले माले काय कुत्रं चावनं?" आणि दोघं हसत बिडी ओढत. मला ते हसणं सोसत नसे. मी नंदुरबारहून काटेरी तारेचं एक भेंडोळं मागवलं. तेव्हा ती आमच्याकडे नवी होती. आबांनी ते पाहिलं. जेवून मी बाहेर आलो तर भेंडोळं नव्हतं. ते त्यांनी पडक्या विहिरीत टाकलं होतं. "तारनं कुंपन माले नको," एवढंच म्हणाले. "लाकूड मोडस. तार मोडत नही, ती कातडं फाडस."

त्या वाडग्यात सगळ्यात नासधूस करणारी एक दोन वर्षांची घोडी होती. रंग कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचा तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. तिची आई मेहुण्यांनी सारंगखेड्याहून आणली होती, स्वतः बसून, तापीच्या वाळूतून. मेहुणे गेले त्यानंतर दोनच महिन्यांनी ही जन्मली. ती दांडा असा साफ सोली की सुतार म्हणाला, मन्हा रंधा बी इतला चालत नही. तेव्हापासून आबा तिला सुतारीण म्हणू लागले. सुतारही वाडग्यापाशी आला की, "काय व घरवाली," म्हणे. मुलाविषयी आबा कधी बोलत नसत. मेहुण्यांचं नाव त्या घरात मी आबांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. पण सुतारीण जवळ आली की ते तिच्या मानेवर दोन्ही हात ठेवून, कपाळ टेकून उभे राहत, आणि आक्का त्या वेळी अंगणात जात नसे. येत्या दत्तजयंतीला तिला बाजारात न्यायची असं ठरलं होतं. विकायला नाही, नुसती दाखवायला. आईला जिथून आणलं तिथे लेक कशी निघाली ते लोकांनी पाहावं, एवढीच त्यांची हौस.

वाडग्याच्या मागच्या बाजूला शेराचं कुंपण होतं. ज्यांनी शेर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बोटाएवढ्या जाड हिरव्या कांड्या, पान नावालाही नाही, आणि मोडलं की दुधासारखा चीक. त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. दिवाळीनंतर आबा तो शेर स्वतः कोयत्याने छाटत. त्या दिवशीही सकाळी त्यांनी छाटला आणि ते आंघोळीला गेले. त्याच आठवड्यात सुतारिणीने चार दांडे संपवले होते आणि शेजारी आदल्या दिवशी आक्काला नको ते बोलून गेला होता. विधवा बाईच्या घरात पुरुष नसला की असंच व्हायचं, असं काहीतरी. मी घरात पुरुष होतो. ते वाक्य मला लागलं. मी छाटलेल्या शेरापाशी उभा होतो, बुंध्यांतून चीक गळत होता, आणि माझ्या मनात आलं की शेराला जर कुणी तोंड लावत नाही, तर फाटकाला शेर लावला म्हणजे झालं. करवंटीत चीक धरला, चिंधीने पाचही दांड्यांना फासला. काम नीट केलं. एक बोटभर जागा सोडली नाही.

शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. मी फक्त दातांचा विचार केला.

दुपारी शिंगरं नदीवरून आली. सुतारीण फाटकापाशी गेली, तिने एक दात लावला, तोंड वाकडं केलं आणि दांडा सोडला. मी ओट्यावरून पाहत होतो. मला खूप समाधान वाटलं. तेवढ्यात आक्काने जेवायला हाक मारली, म्हणून मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती डोळे मिटून, वरच्या दांड्यावर गाल आणि कपाळ वरखाली घाशीत होती. मी धावलो. तिला हाकललं. पाणी आणून तिच्या तोंडावर मारलं, पण ती बुजली आणि जवळ येऊ देईना. आबा तेव्हा गावात गेले होते. ते येण्याआधी मी राखेने सगळं फाटक घासून काढलं. आक्काने विचारलं, काय करी ऱ्हायना? मी म्हटलं, घाण झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा उजवा डोळा सुजून मिटला. चौथ्या दिवशी उघडला तेव्हा त्यावर दुधाळ फूल पडलं होतं. डावा वाचला. नंदुरबारहून ढोरांचे डॉक्टर बैलांच्या दमणीतून आणले. मी तिची दोरी धरली होती. डॉक्टरांनी पापणी वर केली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा चिकानं गेलाय. शेर कोणी तोडला?"

आबा म्हणाले, "मी."

"हात धुतले होते का नंतर?"

आबांनी आपले हात पुढे केले, जणू डॉक्टर ते पाहून सांगू शकतील. त्या दिवशी शेर छाटल्यावर ते आंघोळ करून आले होते. मला ठाऊक होतं, मीच त्यांना पाणी काढून दिलं होतं. पण शब्द आधी डॉक्टरांच्या तोंडून पडला. "शेराचा चीक नुसत्या पाण्यानं जात नाही, आबा. नखांत राहतो. तुम्ही हिला रोज कुरवाळता ना?"

आबा बराच वेळ नखांकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं.

मी बोलायला हवं होतं. दोरी माझ्या हातात होती, सुतारीण तीन हातांवर उभी होती, आणि डॉक्टर, आबा, आक्का सगळे तिथेच होते. चार शब्दांचं काम होतं. मी मनाशी म्हटलं, आत्ता नको, डॉक्टर गेल्यावर. डॉक्टर गेल्यावर म्हटलं, उद्या. उद्या वाटलं, मला हाकलतील, आणि माझ्यामागे आक्काला माहेरच्या माणसाच्या करणीवरून जन्मभर ऐकावं लागेल. यात थोडं खरं होतं. पण बाकी नुसती भीती होती, आणि मी तिला आक्काची काळजी म्हणत होतो.

आबांनी त्यानंतर एकाही शिंगराला हात लावला नाही. असं म्हातारपणी कुणी रुसतं, चार दिवसांत विसरतं, असं आम्हाला वाटलं. ते विसरले नाहीत. वाडग्यात जाणं त्यांनी सोडलं. फाटकापासून दोन पावलं अलीकडे, हात पाठीमागे बांधून उभे राहत. शिंगरं माना बाहेर काढून त्यांच्या कोटाकडे ओठ लांब करत आणि पोचत नसत. आक्का म्हणाली, "आबा, राखनी हात धुवा, ताकनी धुवा, मी पानी देस." ते म्हणाले, "धुवाई जातं तं तवयच धुवाई जातं, बेटा." शिंगरांशी बोलणं सुटलं म्हणून आता ते आक्कालाच 'अहो' म्हणतात, अशी गावात चेष्टा झाली, पण खरं म्हणजे ते कुणालाच फारसं काही म्हणत नव्हते. दत्तजयंतीचा बाजार आला आणि गेला. सुतारीण दांडे खाईनाशी झाली. उजवीकडून काही हललं की ती दचके, म्हणून फाटकापासून लांबच राही. बाकीच्या शिंगरांनी जे मोडलं ते मोडलं, पण आबा त्या खुणा पाहायला वाकले नाहीत. सुतार एकदा न बोलावता आला, ओट्यावर बसला, बिडी पेटवली. "आबा, उपाशी मारशात का माले?" म्हणाला. आबा हसले नाहीत. तो बिडी अर्धी टाकून गेला. माझी शिस्त आता त्या घरात नांदत होती.

पुढे शेती वाट्याने दिली आणि मी परत नंदुरबारला जिनात लागलो. लग्न झालं, मुलं झाली. महिन्या-दोन महिन्यांनी आक्काकडे जात असे. प्रत्येक वेळी ठरवून जात असे आणि न बोलता परत येत असे. चिकाच्या त्या दिवसापासून मोजली तर अशी सात वर्षं गेली. त्यात आबा वाळत गेले. घोड्या कमी झाल्या, नंदुरबार-शहादा रस्त्यावर मोटार सुरू झाली आणि शिंगरांना गिऱ्हाईक उरलं नाही. शेवटी वाडग्यात एकटी सुतारीण राहिली.

एका माघातल्या दुपारी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी कसलीही प्रस्तावना न करता बोलून टाकलं. "आबा, तो चीक तुमना हातना नव्हता. मी फाटकले लावा व्हता. करवंटीमा धरीसन, चिंधीनी. सुतारीन दांडा खावाले नको म्हनीसन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना तेव्हा कमी दिसत होतं, म्हणून ते जरा पुढे वाकले.

"तुन्ही बहीननी सांगं का असं बोलाले?"

"नही आबा. तिले काहीच मालूम नही."

"मंग कोनी?"

"कोनीच नही. मी खरं बोली ऱ्हायनू. मी राखनी फाटक घासं व्हतं त्याच दिन."

ते मान हलवत राहिले. मग हसले, सात वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं. "पाव्हना, तू भला मानूस शे. म्हातारानं मन हलकं करासाठे इतला मोठा बोजा डोकावर लेस. पन खरं व्हतं तं तू तवयच बोलता. तू काय चोर शे, सात वरीस गप बसाले?"

मी हात जोडले. शपथ घेतली, आक्काची घेतली, माझ्या मुलांची घेतली. ते म्हणाले, "पोरेस्नी शपथ लेऊ नको खोट्यासाठे," आणि माझ्या पाठीवर थापटलं. त्यानंतर ही गोष्ट त्यांनी गावभर सांगितली. जो भेटेल त्याला सांगत, की सुनेचा भाऊ असा, पराया असून माझ्यासाठी पाप स्वतःवर घ्यायला निघाला. आक्काने माझ्या मुलांना सांगितलं. आजही त्या गावात गेलो तर लोक उठून जागा देतात. मी नाकारलं तर त्यांना तो माझा विनय वाटतो. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. कागदावर वाचून तरी कुणी खरं मानेल.

त्या दुपारी पाठीवर थापटून झाल्यावर आबा उठले. "चाल," म्हणाले. मला वाडग्यापाशी घेऊन गेले आणि नेहमीच्या जागी, दोन पावलं अलीकडे थांबले. सुतारीण डावा डोळा आमच्याकडे करून उभी होती. "तुन्हा हात साफ शेतस," आबा म्हणाले. "तू आत जाय. मन्हा वाटानं तिले हात लाव."

मी गेलो. नाही कसं म्हणणार होतो? तिने मला येऊ दिलं. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि ती अंगाने माझ्याकडे झुकली.

"गरम शे का?" आबांनी बाहेरून विचारलं.

"शे, आबा."

"आयाळनाखाले पाय. तठे तिले आवडस."

मी आयाळीखाली बोटं घातली. तिचा खालचा ओठ सैल झाला. मी ते त्यांना सांगितलं. कातडी थरथरते का, त्यांनी विचारलं. थरथरते, मी म्हणालो. श्वास कसा शे? संथ शे. मग कपाळ, मग फूल पडलेला डोळा, मग गाल, असं ते सांगत गेले आणि माझा हात तसा फिरत गेला. पुढे ते होते तोवर दर खेपेला आम्ही हे केलं. मी हाताला लागेल ते त्यांना सांगत असे, आणि ते मान किंचित कलती करून ऐकत असत, हात पाठीमागे बांधलेले, आणि त्या हातांची बोटं हळूहळू हलत असत.